डावा हात राखीव

बालाघाट
१२ जानेवारी २०२४

चि. साधनाले अनेक आशीर्वाद.

लोकेशनं तुले फोनवर सांगतलंच असंल की त्याच्या बाबूजीच्या हृदयाच्या नसा जागोजागी बंद पडल्या अन् नागपूरले बायपास कराचा आहे. पण फोन म्हणजे आमच्या घरी पंगत असते. लोकेश तो स्पीकरवर ठेवते, तुझी सीतावहिनी कान देऊन बसते अन् शेजारचा खेमराज चहा पेता पेता मधातच सल्ला देते. म्हणून चिठ्ठी लिहून राह्यलो. दिवसभर भिंतीवर हिंदी रंगवतो, तेवढंच तुले मराठी लिहून तोंड धुतल्यासारखं वाटते.

डॉक्टर चांगला माणूस आहे. त्यानं कागदावर हृदय काढून दाखवलं. चित्र बेकार होतं, दशहरी आंबा दिसे, पण मी बोललो नाही. छाती त्याच्याच हातात द्याची आहे. तो म्हणे, बंद नसेच्या पुढं दुसरी नस जोडाची, म्हणजे रक्ताले फेऱ्यानं का होईना रस्ता भेटते. आता ही दुसरी नस आणाची कुठून? तं आपल्याच अंगातून. छातीच्या आतून डाव्या बाजूनं एक धमनी जाते, ती मुख्य जागी लावतेच. बाकीच्यासाठी पायाची शीर, नाही तं हाताची धमनी. पायाची शीर काढाले सोपी, पण दहाएक वर्षांत अर्ध्या लोकाइची बुजते. हाताची जास्त टिकते. छातीची उजवी धमनी बी काढता येते, पण काम लांबते अन् हाड जुळाले उशीर होऊ शकते, म्हणून ती त्यानं मागं ठेवली. माझ्या उजव्या मनगटातून तपासणीची नळी आधीच घातली होती, तं तो हात बाद. उरला डावा.

मंग त्यानं माझी डावी मूठ आवळाले लावली अन् मनगट दोन्हीकडून दाबलं. मूठ उघडली तं तळहात चुन्यासारखा पांढरा. एक बोट सोडलं अन् अंगठ्यापर्यंत गुलाबी रंग चढला. रंगाचा इतका सारखा हात तं मले बी मारता येत नाही. म्हणजे एक धमनी काढली तरी दुसरी हात सांभाळते. त्यानं विचारलं, "कामाचा हात कोणता?" मी सांगतलं, उजवा. तो म्हणे, "उत्तम. मग डाव्याची घेऊ. कधीकधी अंगठा बधिर राहतो, पकड काही महिने ढिली पडते, म्हणून कामाच्या हाताला आम्ही शक्यतो शिवत नाही."

मी पडद्यामागं शर्ट घालाले गेलो. बटनं लावून राह्यलतो तं लोकेशचा आवाज आला, "डॉक्टरसाब, हात राहू द्या. पायाची लावा. दहा वर्षं खूप झाली."

साधना, माझं वय बासष्ट. दवाईच्या डब्बीवर तारीख छापून येते तशी माझ्या पोरानं माझ्यावर छापली. राग यावा तं तो बी आला नाही. लाज वाटली. जसं कोणाच्या घरी जेवाले बसलो अन् आतून आवाज आला, "हे किती दिवस राहाचे आहेत?" मी बटनं लावतच राह्यलो. एक खालवर लागलं, ते बालाघाटच्या गाडीत सीतेनं सरकं केलं.

डॉक्टर म्हणे, घरी बोला, ठरवा अन् फेब्रुवारीत या. घरी कोणी बोलत नाही. लोकेश दुकानात फ्लेक्स छापते, मी लग्नघरच्या भिंती रंगवतो.

तुझा भाऊ,
प्रेमलाल


तुमसर
२० जानेवारी २०२४

ती. प्रेमलालभाऊस सा. न.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा मजकुरासाठी, एकदा अक्षर लागावं म्हणून.

आधी हात. तू डॉक्टरला कामाचा हात उजवा सांगितलास? भाऊ, उजव्या हातानं तू जेवतोस, नमस्कार करतोस आणि मला पत्र लिहितोस. पत्र तर असं, की माझ्या वर्गातल्या चौथीच्या पोरांनी बरं लिहावं. ब्रश उजव्यात धरलास तर बैहरच्या रस्त्यावर तू रंगवतोस ते वाघ पाहून लोक दूध काढायला भांडं घेऊन येतील. तू डावखुरा आहेस. हे मला माहीत आहे, आईला माहीत होतं. पाहुणे आले की आई तुला डाव्या हातावर बसवून जेवू घालायची, आठवतं? हात मांडीखाली, वर तू आणि समोर वरणभात. आई गेली, ते पाहुणेही गेले. तू मात्र अजून त्या हातावर बसून आहेस.

डॉक्टर काही सोयरीक जुळवायला आलेला नव्हता. तो सुरी घेऊन बसला होता. त्याला तरी खरं सांगायचं होतंस. अजून वेळ आहे. फोन कर आणि सांग.

आता तुझा सुपुत्र. ज्या फ्लेक्सनं तुझे दुकानांचे बोर्ड खाल्ले तो फ्लेक्स तो छापतो, इथवर मी गप्प होते. जग बदलतं म्हणून मीच तुला समजावलं होतं. पण बापाची मुदत डॉक्टरसमोर ठरवायची, हे मला सोसवत नाही. मी त्याला आजच लिहिते आहे. पोस्टकार्डावर. पाकीट एकच माणूस वाचतो आणि लाज वाटायला एक माणूस पुरत नाही.

वहिनीला सांग, तुला मिठाचं देऊ नको.

तुझी,
साधना


(पोस्टकार्ड)

तुमसर
२० जानेवारी २०२४

चि. लोकेश,

वडील किती वर्षं ठेवायचे हे इतक्या झटपट ठरवल्याबद्दल अभिनंदन. दहा वर्षं खूप झाली म्हणालास म्हणे. त्यांनी तुला खांद्यावर घेतलं, शाळेत घातलं, दुकान लावून दिलं, तेव्हा 'खूप झालं' असं त्यांना कधी वाटलं नाही. फ्लेक्स फाटला की तू दुसरा छापून देतोस. बाप छापायचं यंत्र आलं असेल तर कळव.

तुझी आत्या

ता. क. पोस्टमनदादा, वाचून झालं असेल तर आता देऊन टाका.


बालाघाट
२ फेब्रुवारी २०२४

साधना,

तुझं पोस्टकार्ड पोचलं. नुसतं पोचलं नाही, गावभर फिरलं. पोस्टमननं ते लोकेशच्या दुकानात दिलं, तिथं गिऱ्हाइक उभे होते अन् खेमराज बी होता. खेमराजले मराठी येते हे दाखवाची त्याले नेहमीच घाई असते. त्यानं मोठ्यानं वाचलं. मंग ज्याइले समजलं नाही त्याइले हिंदीतून सांगतलं. सीता म्हणते, लोकेशनं ते कार्ड घेतलं, खिशात ठेवलं अन् कोण्या नेत्याच्या वाढदिवसाचं बॅनर छापाले घेतलं. रात्रीचा घरी आला, जेवला नाही. मले वाटलं, बरं झालं, लागलं. मंग त्याचं झाकलेलं ताट पाह्यलं अन् मलेच जेवण गेलं नाही.

तुले मी फक्त सांगतलं होतं. तू लोकेशले सांगशीन असं वाटलं नव्हतं. खोटं कशाले बोलू, वाटलं होतं.

आता हाताचं. ते कोणाजवळ बोलू नको, तुले माझी आण आहे. तू महाराष्ट्रात तुमसरले राहते, तुले इथलं समजणार नाही. बोर्ड गेले, पण इथं अजून लग्न म्हणलं की घराच्या भिंतीवर गणपती, कळस अन् नवरा-नवरीचं नाव रंगवलंच पाहिजे. लालबर्ऱ्यापासून परसवाड्यापर्यंत माणूस मलेच बोलवाले येते. शुभकार्याची भिंत अन् ती डाव्या हातानं? मी बांबू ठोकून पडदा बांधतो, मंगच ब्रश काढतो. सांगतो, काम पुरं व्हाच्या आधी कोणी पाह्यलं तं नजर लागते. लोकाइले पटते. मोठमोठे वकील बी पडद्याबाहेरून चहा देते.

आता विचार कर, दवाखान्यात सांगतलं तं लोकेशले समजंल. त्याले समजलं तं खेमराजले समजंल, अन् खेमराजले समजलं म्हणजे जिल्ह्याले समजलं. ज्याइचे संसार बरे चालू आहेत ते ही गोष्ट सोडून देतील. पण ज्याइचं नवरा-बायकोचं जमलं नाही ते पुरे माझ्या दारात येतील, का बा, तुझ्या डाव्या हाताच्या गणपतीनंच आमचा घात केला.

म्हणून मी ठरवलं आहे. काल डॉक्टरच्या माणसाले फोन करून सांगतलं, घरचे काही म्हणू देत, मले हाताचीच धमनी लावा. डाव्या हाताची. पोरगं दहा वर्षं म्हणते ना, मी त्याच्याहून जास्त जगून दाखवतो. ब्रश सुटला तं सुटला. लोक म्हणतील प्रेमलाल पेंटर बिमारीनं थकला. थकण्यात लाज नाही. १९ तारखेचं ऑपरेशन ठरलं.

प्रेमलाल


बालाघाट
७ फेब्रुवारी २०२४

आदरणीय आत्याबाईंना चरणस्पर्श.

माझं मराठी लिहिणं कच्चं आहे, कुठं चुकलं तर माफ कराल. फोन केला असता, पण मम्मी आणि बाबूजी बाजूलाच असतात आणि हे त्यांच्यासमोर बोलता येत नाही.

तुमचं कार्ड मिळालं. तुम्ही लिहिलं ते बरोबर आहे, कारण मी बोललो तेच तुम्हाला कळलं. पण का बोललो ते कोणाला माहीत नाही.

आत्याबाई, बाबूजी डाव्या हातानं काम करतात हे मला लहानपणापासून माहीत आहे. ते संध्याकाळी घरी आले की रंग नेहमी डाव्या करंगळीच्या खाली लागलेला असायचा. उजवा हात एकदम साफ. मम्मीलाही माहीत आहे, तिनं कधी म्हटलं नाही. ती फक्त केरोसिनचा कपडा त्यांच्या डाव्या बाजूला ठेवते. आणि खरं सांगू का, सगळ्या बालाघाटला माहीत आहे. दोन वर्षांआधी लालबर्ऱ्याचे राइस मिलवाले भैयालालजी माझ्या दुकानात आले. म्हणाले, "बेटा, पिताजी को ही भेजना. उनका बाएँ हाथ का गणेश बड़ा शुभ रहता है, हमारी दोनों लड़कियाँ सुखी हैं. बस उनको मत बताना कि हमको मालूम है, बुरा मान जाएँगे." लोक पडद्याबाहेर उभे राहून हसतात, पण पडदा कोणी उचलत नाही. त्यांची इज्जत करतात म्हणून.

त्या दिवशी डॉक्टरसाहेबांनी विचारलं आणि बाबूजी उजवा म्हणाले. डॉक्टरांसमोर त्यांना खोटं कसं पाडू? मी हात राहू द्या म्हणालो. डॉक्टर म्हणाले, काहून? हाताची जास्त टिकेल. खरं कारण सांगता येत नव्हतं. घाईघाईत तोंडातून निघालं, दहा वर्षं खूप झाली. निघाल्याबरोबर वाटलं, जीभ तोडून टाकावी. पण शब्द फिरवला असता तर डॉक्टरांनी परत काहून विचारलं असतं.

आता बाबूजी जिद्दीला पेटले आहेत. म्हणतात हातच देतो. ब्रश सुटला तर ते दहा काय, दोन वर्षंही काढणार नाहीत. मी फ्लेक्सवाला आहे, पण एवढं मला समजतं. तुम्ही मोठ्या आहात, तुमचं ऐकतात. काही करून त्यांना पायाच्या नसेवर आणा. पण मला माहीत आहे हे त्यांना कळू देऊ नका. ते माझ्यासमोर मान वर करून बसणार नाहीत.

तुमचा,
लोकेश


तुमसर
११ फेब्रुवारी २०२४

चि. लोकेश,

शिव्या मी उघड्या पोस्टकार्डावर दिल्या आणि माफी बंद पाकिटातून मागते आहे. यावरून तुझ्या आत्याची लायकी ओळख. मुलांना निबंध लिहायला लावते, 'आधी विचार, मग लेखन.' परवा फळ्यावर हेच लिहिताना खडू हातातून पडला.

तू सांगतोस, बापाला कळू देऊ नका. बाप सांगतो, लोकेशला कळू देऊ नको. दोघांनी मला एकाच गोष्टीची शपथ घातली आहे आणि ती गोष्ट तुमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. शहाण्या बाईनं काय केलं असतं? दोघांना एका खोलीत कोंडलं असतं. मी काय केलं ते सांगते. काल दवाखान्याचा नंबर शोधून डॉक्टरला फोन लावला. पलीकडून मुलीनं विचारलं, "पेशंटच्या तुम्ही कोण?" मी म्हटलं, "बहीण." ती म्हणाली, "बोला." आणि मी फोन ठेवून दिला. भावाचं वाघांचं, गणपतींचं सगळं आयुष्य त्या मुलीपुढं कसं उघडं करायचं? मला लाज वाटली. त्याच्या हाताची नव्हे, त्याचं नाव घेऊन चहाडी करण्याची. पण डॉक्टरच्या सुरीला या दोन्हींतला फरक कळत नाही.

तुझ्या बापाला मी लिहिलं आहे, पाय बरा, हात नको. कारण लिहिलेलं नाही. तो ऐकणार नाही. १९ तारखेला मी येतेच.

तुझी आत्या


नागपूर
१८ फेब्रुवारी २०२४

साधना,

उद्या सकाळी ऑपरेशन. तू येशीन तेव्हा मी बेहोश असीन, म्हणून आज लिहून लोकेशजवळ देतो. तो तुले देईन. वाचून त्याच्याकडे पाहू नको, तो आधीच गळून बसला आहे.

भरती झालो तं मयुरी नावाच्या नर्सनं माझ्या खाटेच्या वर पुठ्ठा लावला. ज्या हाताची धमनी काढाची त्याले सुई टोचाची नसते, म्हणून. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं: 'डावा हात राखीव. सुई टोचू नये.' साधना, ते अक्षर! 'डावा' एवढा मोठा की 'राखीव'ले जागाच उरली नाही. 'व' पुठ्ठ्याच्या काठावरून खाली लोंबत होता, आता पडंल का मंग पडंल. 'सुई'च्या 'ई'चं वरचं टोक 'हात'च्या पोटात घुसलेलं. वरची रेघ बैहरच्या घाटासारखी, एक टोक खाली, एक आभाळात. मी तिकडं पाठ करून झोपलो. डोळे मिटले. पण माझ्या डोक्यावर ते लटकलेलं आहे हे मले माहीत होतं. येणारा-जाणारा ते वाचे अन् मले वाटे, त्याइले वाटत असंल, हे मीच लिहिलं.

आज दुपारी मयुरी पुठ्ठा काढून टेबलावर ठेवून चादर बदलाले गेली. मार्कर तिथंच होता. मी म्हणलो, मराच्या आधी एवढं तरी सरकं करू. पुठ्ठा पालथा केला, मागून कोरा होता. रेघ ओढली, अक्षराइची घरं पाडली अन् लिहाले बसलो. मार्कर रंगासारखा वाहत नाही, पण धरला तं ऐकते. 'राखीव'चा 'ख' असा उतरला का मीच खूश झालो.

मांगून आवाज आला, "वा! कोणी लिहिलं?"

डॉक्टर. सोबत चार शिकाऊ डॉक्टर, मांगं लोकेश अन् सीता. मयुरी चादर घेऊन दारात. म्हणे, "बाबांनीच, सर. आत्ताच लिहितायत." डॉक्टर पुठ्ठा पाहून राह्यला. मंग त्यानं माझ्या हाताकडे पाह्यलं. मार्कर अजून डाव्या हातात होता. साधना, मी काय केलं असंल? मी हात मांडीखाली घातला. बासष्ट वर्षांचा माणूस, मार्करसकट हातावर बसलो. चादरीवर काळा डाग पडला.

डॉक्टरनं मले काही म्हणलं नाही. लोकेशले विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

लोकेश जमिनीकडे पाहून राह्यला. म्हणे, "जी."

"आणि मावशी, तुम्हाला?"

सीता म्हणे, "लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून. यायनं मले कुंकवाची डब्बी डाव्या हातानं देल्ली, अन् मंग उजव्यात घेऊन पुन्हा देल्ली."

मी तिच्याकडे पाहतच राह्यलो. चाळीस वर्षांत ही बाई बोलली नाही!

"आणखी कोणाला माहीत आहे?" डॉक्टरनं विचारलं.

लोकेश म्हणे, "आत्याबाईंना. आणि... बालाघाटला."

डॉक्टरनं पुठ्ठा खाली ठेवला. म्हणे, "म्हणजे सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं. फक्त ज्याला हात कापायचा आहे त्याला नव्हतं." मंग लोकेशकडे वळला. आवाज चढवला नाही, पण चढवला असता तं बरं झालं असतं. म्हणे, "तुम्ही म्हणून मला पायाची शीर लावायला सांगत होता? वडील खोटं बोलले ते झाकायला तुम्ही त्यांच्या हृदयाला कमी टिकणारी वस्तू मागत होता? आणि बाबा, तुम्ही ते झाकायला कामाचा हात देत होता? एक वाक्य बोलायचं होतं. कोणीही. तिघांपैकी कोणीही."

शिकाऊ डॉक्टर खिडकीबाहेर पाहाले लागले. लोकेशचे कान लाल झालते. त्या पोराले मी कधी इतकं लहान झालेलं पाह्यलं नव्हतं. अन् तो माझ्यापाई झाला होता. दहा वर्षं खूप झाली, हे तो माझा हात वाचवाले बोलला होता. मी ते ऐकून तुले लिहिलं, अन् तू ते बालाघाटले वाचून दाखवलं.

मंग डॉक्टरनं माझे कागद पुन्हा चाळले. साखर नाही, अंगावर चरबी नाही. म्हणे, हात नको अन् पाय बी नको. छातीच्या दोन्ही धमन्या लावू, डावी अन् उजवी. काम लांबंल, हाड जुळाले वेळ लागंल, खोकलताना उशी छातीशी धरावी लागंल, पण जोडलेलं पुष्कळ टिकंल. "हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं असतं," तो म्हणे, "फक्त कोणी खरं सांगायला हवं होतं."

दोन्ही हाताइले आता सुया टोचल्या आहेत. पुठ्ठा मयुरी घेऊन गेली. म्हणे, पुढच्या पेशंटले लावीन.

उद्या काही झालं तं लोकेशले सांगशीन... काय सांगशीन ते मले लिहिता येऊन नाही राह्यलं.

तुझा,
प्रेमलाल


तुमसर
२ मार्च २०२४

ती. भाऊस सा. न.

काचेतून तुला पाहिलं तेव्हा तुझ्या तोंडात नळी होती. तुला इतका वेळ गप्प मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. आता घरी नेलं असं वहिनी सांगत होती. सांभाळून राहा.

दवाखान्यात लोकेश बाहेर बाकावर बसला होता. मला पाहताच उठला आणि वाकून पाया पडला. मी त्याला काय काय बोलायचं ते तुमसरपासून गाडीत घोकत आले होते. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "आत्याबाई, चहा घेणार का?" मी "हो" म्हटलं. एवढंच बोलणं झालं. तोंडानं दुसऱ्याचं पाणी उतरवायला मला पाऊण मिनिट लागत नाही, पण माफीला तोंड उघडेना. चहा फार गोड होता, तोही मी मुकाट पिऊन टाकला.

लोकेशला काय सांगायचं ते तू लिहिलं नव्हतंस. मी काही सांगणार नाही. पोस्टकार्ड मी धाडलं हे खरं, पण भाऊ, त्यातला मजकूर तूच पुरवला होतास. आणि तो माझ्याकडून असाच जाईल हे तुला कळत होतं. आता तूच बोल त्याच्याशी. मला पत्र लिहून नव्हे. त्याच्याशी.

साधना


बालाघाट
३० मार्च २०२४

साधना,

तुझ्या म्हणण्याप्रमाणं बोललो. कसं झालं ते सांगतो.

छाती अजून दुखते. खोकला आला की लोकेश दुकान सोडून येते, मले उशी धराले मदत करते अन् परत जाते. सीता हे काम करू शकते, पण तो तिले करू देत नाही. काल दुपारी असाच खोकला आला, तो आला. खोकला गेला तरी तो जाऊन नाही राह्यलता. खाटेच्या पायथ्याशी बसून मोबाइल पाहत होता.

मी म्हणलो, "लोकेश, ते दहा वर्षं..."

"सोडा ना, बाबूजी."

"सोडत नाही. मी ते ऐकलं होतं. पडद्यामागून. अन् तुले विचारलं नाही. तुझ्या आत्याले लिहिलं."

त्यानं मोबाइल पालथा ठेवला. म्हणे, "तुमी ऐकून राह्यले हे मले माहीत होतं. पडद्याखालून तुमचे पाय दिसत होते."

मी छातीवरची उशी बाजूले ठेवली. तो म्हणे, "तोंडातून निघून गेलं ते निघून गेलं. पण मंग मले वाटलं, आता तरी तुमी बाहेर येसान. म्हणसान, अबे गाढवा, दहा वर्षं काय, हा माहा कामाचा हात आहे, म्हणून तू असा बोलून राह्यला. मी वाट पाहत होतो. डॉक्टर कागद लिहून राह्यलता अन् मी तुमच्या पायाकडे पाहून राह्यलतो. तुमी हाल्लेच नाही."

"बटनं लावत होतो," मी म्हणलो.

"हौ," तो म्हणे.

सीता मधात आली, पाणी ठेवून गेली. मंग त्यानं विचारलं, रागानं नाही, जसं एखाद्या गिऱ्हाइकाले बोर्डाचा साइज विचारावा तसं: "बाबूजी, मी पाच म्हणलं असतं, तं बोलले असते का तुमी?"

मी म्हणलो, "हौ. बोललो असतो."

तो "हौ" म्हणून हसला. उठला, माझ्या पाठीमागची उशी सारखी केली अन् दुकानात गेला.

साधना, तुले खरं सांगतो. पाचले बी नसतो बोललो. दोनले बी नसतो. त्यानं कितीही आकडा घेतला असता तरी मी तिथं बटनंच लावत राह्यलो असतो. अन् हे त्याले माहीत आहे. उशी सारखी करताना तो माझ्याकडे पाहत नव्हता.

प्रेमलाल